यकृतातील साध्या गाठी : कोणती तपासणी केव्हा?

जोतिबाच्या डोंगरावरील वाडी रत्नागिरी असो वा अन्य कोणतेही गाव, सोनोग्राफीत यकृतात गाठ दिसली की घरात कर्करोगाची धास्ती पसरते. वस्तुतः अशा अनेक गाठी साध्या असतात. त्यांत रक्तवाहिन्यांची गाठ, म्हणजे हिमँजिओमा, सर्वाधिक आढळते.

सोनोग्राफी स्वस्त असून तीत क्ष-किरण नसतात. म्हणून ती पहिली पायरी होय. ती गाठ दाखविते, परंतु गाठीचा प्रकार दर वेळी ठरवू शकत नाही. सी. टी. स्कॅनमध्ये शिरेतून दिलेले औषध हिमँजिओमात कडेकडून मध्याकडे भरत जाते; हीच तिची खूण. मात्र या तपासणीत क्ष-किरण वापरावे लागतात. एम. आर. आय. क्ष-किरणांवाचून गाठीचा प्रकार अधिक खात्रीने सांगते. तिला खर्च व वेळ अधिक लागतो.

प्रकार कळणे महत्त्वाचे आहे. ॲडिनोमा ही गाठही साधीच. पण ती ५ सेंटिमीटरहून मोठी झाल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो. गर्भनिरोधक गोळ्यांशी तिचा संबंध असल्याने त्या घेत असल्यास डॉक्टरांना अवश्य सांगावे.

कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे सर्वोपचार रुग्णालयात जाताना रुग्णांनी जुने अहवाल व फिल्म सोबत न्याव्यात, हे पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी त्यांना समजावून द्यावे. गाठ वाढली की तशीच आहे, हे त्यांवरूनच कळते.