प्रसिद्धिपटाचे निवेदन : वाक्यातील कर्ता कोण?

ग्रामीण विकासाचे काम करणारी स्वयंसेवी संस्था आपल्या कार्याचा पाच-सात मिनिटांचा प्रसिद्धिपट तयार करते, तेव्हा निवेदन लिहिण्याचे काम पुष्कळदा मराठीच्या पदवीधराकडे येते. देणगीदारांना संस्थेचे काम कळावे, हा या पटाचा उघड हेतू असतो. त्यात गैर काही नाही. मात्र या हेतूचा वाक्यरचनेवर काय परिणाम होतो, हे भाषेच्या अभ्यासकाने ओळखले पाहिजे.

पुढील वाक्ये पाहा : ‘गावाला पाणी मिळाले.’ ‘महिलांना रोजगार मिळाला.’ ‘मुलांना शिक्षणाची गोडी लागली.’ तिन्ही वाक्ये व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहेत. पण तिन्हींत गावातील माणसे चतुर्थीत आहेत आणि ‘मिळणे’, ‘लागणे’ या क्रियापदांमुळे काम करणारा वाक्यात उरलेलाच नाही. दोन मिनिटे असे निवेदन ऐकले की प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढे हात पसरून बसलेले गाव उभे राहते. करणाऱ्याच्या रिकाम्या जागी संस्थेचे नाव तो स्वतःच घालतो. ‘संस्थेने गावकऱ्यांकडून चर खणून घेतले’ या रचनेत गावकरी निदान काम करताना दिसतात, पण साधन म्हणून. आता ‘वस्तीवरच्या बायकांनी उतारावर समतल चर खणले’ हे वाक्य घ्या. मागच्या वाक्याप्रमाणे हाही कर्मणी प्रयोगच; तृतीयेतील कर्ता तेवढा बदलला आहे.

अर्थात, प्रत्येक वाक्यात गावालाच कर्ता करणे हाही उपाय नव्हे. पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा २०१६ साली वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत सुरू झाली. संस्थेने गावकऱ्यांना पाणलोट विकासाचे प्रशिक्षण दिले. प्रत्यक्ष कामे गावांनी केली, आणि त्यांत श्रमदान होते तशी यंत्रेही होती. अशा कामाविषयी लिहिताना शिकवणारा, घमेले उचलणारा आणि यंत्राचा खर्च देणारा हे तिन्ही कर्ते वेगळे ठेवावे लागतात. शिवाय विहिरीची पातळी वाढली असेल, तर त्या वर्षीच्या पावसालाही एखादे वाक्य द्यायला हवे! जेसीबीने केलेल्या खोदकामाला ‘गावाच्या घामाची कमाई’ म्हणणे ही खुशामत आहे, आणि ती शहरातील प्रेक्षकाच्या आधी गावातील माणसाला कळते.

मुलाखतींबाबत माझे मत स्पष्ट आहे. बोलणाऱ्याची वऱ्हाडी किंवा अहिराणी मूळ आवाजातच ठेवावी. गरज असेल तेथे खाली उपशीर्षके द्यावीत. तिच्यावर प्रमाण मराठीचा सफाईदार आवाज चढवला, की पडद्यावर ओठ एकाचे हलतात आणि अनुभव दुसराच सांगतो. ‘अडाणी’, ‘बिचारे’ यांसारखी विशेषणे संहितेत आली असतील, तर ती त्या माणसांसमोर मोठ्याने वाचता येतील का, हे पाहावे. प्राथमिक संकलन झाल्यावर पट आधी गावात दाखवणे म्हणूनच इष्ट. नावे, कामाचा क्रम आणि श्रेय यांतील चुका तेथे लगेच सापडतात, आणि आपले चित्रण नको असे कोणी म्हणाले तर ते दृश्य काढताही येते.

स्वाध्याय : आपल्या परिसरातील एखाद्या संस्थेचे माहितीपत्रक मिळवा. त्यातील दहा वाक्ये निवडून प्रत्येकाचा कर्ता नोंदवा. कर्ता नसेल तर तसे लिहा. नंतर त्या कामात सहभागी असलेल्या एका व्यक्तीला ‘हे कोणी केले?’ असे विचारून तिचे उत्तर तिच्याच बोलीत टिपून घ्या आणि त्या आधारे तीच दहा वाक्ये पुन्हा लिहा.