सेल्फ-चेकआउटवरील चूक आणि ग्राहकाची बाजू

चि. आदित्य यास मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्रास कारण की, इंग्लंडात शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याचा आठवड्याचा बाजार बहुधा सेल्फ-चेकआउटवरच, म्हणजे ग्राहकानेच बारकोड यंत्रासमोर धरून, सामान पिशवीत भरून आणि कार्ड लावून बिल चुकते करायचे अशा काउंटरवर, होतो. आणि तिथे चूक झाली की वाद दुकानाशी असला तरी त्याची झळ पुढे व्हिसापर्यंत पोहोचू शकते, हे चिरंजीवाच्या ध्यानी आलेले बरे.

अशी यंत्रे अमेरिकेत अटलांटाजवळच्या एका सुपरमार्केटात 1986 साली प्रथम बसली. तेव्हापासून कॅशियरचे काम हळूहळू ग्राहकाच्या अंगावर आले, पण कॅशियरला मिळणारी सवलत मात्र त्याच्याबरोबर आली नाही. कॅशियरच्या हातून एखादा डबा स्कॅन व्हायचा राहिला तर तिला कोणी चोर म्हणत नाही. तीच चूक ग्राहकाकडून झाली की दाराशी उभा असलेला रक्षक पिशवी उघडायला सांगतो. म्हणूनच यंत्रावरच्या चुकांचे दोन प्रकार मुळातच वेगळे समजावेत: पैसे जास्त गेले तर तो हिशेबाचा प्रश्न असतो, कमी गेले तर तो हेतूचा प्रश्न होतो.

पहिल्या प्रकारात भारतीय ग्राहकाची एक सवय आड येते. पाकिटावर छापलेल्या एमआरपीपेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही, हे येथे पोराटोरांनाही ठाऊक असते. ब्रिटनमध्ये अशी छापील कमाल किंमत नाही आणि फळीवरच्या चिठ्ठीतली किंमतही दुकानाला करार म्हणून बांधत नाही. बूट्स या औषधविक्रेत्या कंपनीच्या एजवेअर येथील स्वयंसेवा दुकानासंबंधीच्या खटल्यात अपील न्यायालयाने 1953 साली असे ठरवले की फळीवरची मांडणी हे केवळ निमंत्रण असून विकत घेण्याचा प्रस्ताव ग्राहक काउंटरवर मांडतो आणि तो स्वीकारणे वा नाकारणे दुकानाच्या हाती असते. तेव्हा ‘चिठ्ठीतल्याच भावात द्या’ असा हट्ट कायद्याने पुरा होत नाही. तथापि दिशाभूल करणारी किंमत लावणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, त्यामुळे पैसे भरल्यावर फरक ध्यानात आल्यास चिठ्ठीचा फोटो आणि पावती दाखवून फरक मागणे सर्वस्वी रास्त ठरते. दुकान ऐकत नसेल तर ट्रेडिंग स्टँडर्ड्स, म्हणजे स्थानिक प्रशासनाचे व्यापार-तपासणी खाते, यांच्याकडे सिटिझन्स अॅडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेच्या मदतवाहिनीमार्फत तक्रार पोहोचवता येते. सवलतीचा भाव सदस्य-कार्ड स्कॅन केल्यावरच लागू होतो आणि चिठ्ठीवर तोच मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. निम्मी भांडणे येथूनच उपजतात, आणि त्यांत दुकान बहुधा बरोबर असते. व्यवहार ‘अयशस्वी’ दिसून पैसे दोनदा गेल्यासारखे वाटले, तर बँकेच्या अॅपमध्ये दुसरी नोंद ‘पेंडिंग’ आहे का ते आधी पाहावे, कारण अशी नोंद काही दिवसांत आपोआप गळून पडते.

दुसरा प्रकार अधिक जपून हाताळण्याचा. 1968 च्या चोरीविषयक कायद्यानुसार दुसऱ्याची वस्तू अप्रामाणिकपणे, कायमची ठेवून घेण्याच्या इराद्याने घेणे म्हणजे चोरी. निव्वळ विसरणे म्हणजे चोरी नव्हे. अप्रामाणिकपणा कसा ओळखावा हे सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली, एका जुगारगृहाच्या दाव्यात, स्पष्ट केले: आधी त्या माणसाला वस्तुस्थिती काय वाटत होती ते पाहायचे आणि मग ते वर्तन सामान्य सभ्य माणसांच्या कसोटीवर उतरते का ते ठरवायचे. मन कोणाला दिसत नाही, वर्तन मात्र कॅमेऱ्यात दिसते. दह्याचे दोन डबे एकावर एक धरले, ‘टुंग’ आवाज एकदाच आला आणि पिशवीखालच्या वजनकाट्याने तांबडा दिवा लावला, अशा वेळी डबा उचलून पुन्हा ठेवत यंत्राला चुचकारत बसण्यापेक्षा हात वर करून कर्मचाऱ्याला बोलावणे केव्हाही चांगले. सुट्ट्या भाजीच्या पडद्यावर अॅव्होकाडोऐवजी गाजराचे चित्र दाबणे हा मात्र विसराळूपणा नव्हे. 2006 च्या फसवणूकविषयक कायद्याने यंत्राला दिलेली खोटी माहितीही फसवणुकीतच धरली आहे, मग विद्यार्थ्यांच्या बैठकीत ती कितीही हशा पिकवणारी युक्ती असो.

खरोखर अनवधानाने वस्तू राहिली आणि दाराशी अडवले गेले, तर पळू नये, आवाज चढवू नये, पैसे देण्याची तयारी लगेच सांगावी. परंतु दुकानाच्या खोलीत पुढे केलेल्या कबुलीच्या कागदावर सही मुळीच करू नये. रक्षक हा पोलीस नव्हे. पोलीस आलेच तर ते कधी ‘कॉशन’ देऊ करतात, म्हणजे गुन्हा कबूल केल्यावर न्यायालयात न जाता मिळणारी अधिकृत ताकीद. ती सुटकेसारखी भासते, पण तिची नोंद राहते आणि व्हिसाच्या अर्जात ती सांगावी लागते. पोलीस ठाण्यात वकिलाचा सल्ला सर्वांनाच फुकट मिळतो, तो घेतल्याशिवाय काहीही मान्य करू नये. नंतर घरी ‘सिव्हिल रिकव्हरी’चे, म्हणजे दुकानाच्या वतीने एखाद्या एजन्सीने रक्षकांच्या वेळेचा खर्च मागणारे, पत्र येऊ शकते. ते दंडाचे फर्मान नसते. ऑक्सफर्डच्या काउंटी न्यायालयाने 2012 साली एका दुकानदाराचा असाच दावा फेटाळला होता. तरीही ते कपाटात न टाकता सिटिझन्स अॅडव्हाइसला दाखवून लेखी उत्तर द्यावे.

स्वतःचे सीसीटीव्ही चित्रण मागण्याचा हक्क ब्रिटनच्या डेटा-संरक्षण कायद्याने प्रत्येकाला दिला आहे आणि दुकानाने साधारणतः एका महिन्यात, बहुधा विनाशुल्क, उत्तर देणे अपेक्षित असते. मात्र जुने चित्रण पुसून त्यावर नवे भरले जाते, म्हणून तारीख, वेळ आणि काउंटर नमूद केलेला अर्ज चिरंजीवाने प्रकार घडला त्याच संध्याकाळी ईमेलने धाडावा.

कळावे, लोभ असावा.
मामा