अपघात नोंदवणाराच अपघात का करतो?

प्रश्न : मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. गावच्या दूध संकलन केंद्रासाठी आम्ही मित्रांनी एक अँड्रॉइड अ‍ॅप बनवलं. शेतकऱ्यांच्या फोनवर ते कुठे बंद पडतं हे कळावं म्हणून फायरबेसचं क्रॅशलिटिक्स जोडलं, तर आता अ‍ॅप उघडतच नाही. पहिला स्क्रीनही दिसत नाही. लॉगमध्ये ‘क्रॅशलिटिक्सचा बिल्ड आयडी नाही’ अशा अर्थाचा एरर येतो. बिल्ड मात्र एकही तक्रार न करता पूर्ण होतो. जे क्रॅश कळवायला आणलं, तेच अ‍ॅप का पाडतं? लायब्ररीची ती ओळ काढून टाकली तर चालेल का?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : ती ओळ काढू नका. काढलीत तर अ‍ॅप उघडेल, पण शेतकऱ्याच्या फोनवर काय बिघडतंय हे पुन्हा कळेनासं होईल. पहाटे दूध घालायला आलेला माणूस अ‍ॅप बंद पडलं म्हणून तुम्हाला फोन करत बसणार नाही. तो अ‍ॅप काढून टाकेल आणि वहीकडे वळेल.

बिल्ड बिनतक्रार होतो आणि अ‍ॅप फोनवर पडतं, या तुमच्या निरीक्षणातच उत्तराचा धागा आहे. क्रॅशलिटिक्स दोन ठिकाणी काम करतं. एक भाग लायब्ररी म्हणून अ‍ॅपसोबत फोनवर जातो आणि क्रॅश टिपतो. दुसरा भाग म्हणजे ग्रॅडल प्लगइन. ते तुमच्या कॉम्प्युटरवरच राहतं. बिल्ड होताना ते एक ओळख क्रमांक तयार करून अ‍ॅपच्या रिसोर्समध्ये लिहून ठेवतं आणि त्याच क्रमांकाखाली कोडमधल्या नावांची यादी फायरबेसच्या सर्व्हरवर चढवतं. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर मिळणाऱ्या बिल्ल्यासारखा हा क्रमांक असतो: फोनवरून आलेला रिपोर्ट आणि सर्व्हरवरची यादी यांची जोडी त्याच्याच आधारे लागते. तुम्ही लायब्ररी घेतली, प्लगइन लावायचं राहिलं. कम्पायलरला यात काही खटकत नाही, कारण कोड पुरा आहे. नाही तो फक्त क्रमांक.

फोनवर अ‍ॅप सुरू झालं की फायरबेस एका कंटेंट प्रोव्हायडरमार्फत स्वतःला सुरू करून घेतं, आणि अँड्रॉइडमध्ये कंटेंट प्रोव्हायडर तुमच्या अ‍ॅप्लिकेशन क्लासच्या ऑनक्रिएटच्याही आधी चालतात. म्हणून पहिला स्क्रीनही येत नाही. क्रमांक सापडला नाही की लायब्ररी मुद्दाम एक्सेप्शन फेकते. हा कडकपणा मला मनापासून पटतो. ती गप्प राहिली असती, तर न वाचता येणारे रिपोर्ट हाती आल्यावरच चूक कळली असती, आणि तोवर अ‍ॅप गावभर पोचलेलं असतं.

दुरुस्ती छोटी आहे. प्रोजेक्टच्या मुळाशी असलेल्या ग्रॅडल फाइलमध्ये क्रॅशलिटिक्स प्लगइनची ओळ ‘अप्लाय फॉल्स’ असं लिहून टाकतात. त्याने फक्त कुठली आवृत्ती वापरायची ते ठरतं, प्लगइन लागत नाही. ते अ‍ॅप मॉड्यूलच्या ग्रॅडल फाइलमध्ये पुन्हा लावावं लागतं, आणि ही दुसरी ओळच बहुतेकांकडून राहते. प्रोजेक्टमध्ये अनेक मॉड्यूल असतील तर प्लगइन लायब्ररी मॉड्यूलला नाही, ज्यातून एपीके तयार होते त्या मॉड्यूलला लावा. मग क्लीन करून नव्याने बिल्ड घ्या.

तुम्ही कुठली माहिती वाचून हे केलंत तेही तपासा. क्रॅशलिटिक्स २०११ साली बॉस्टनमध्ये सुरू झालं, २०१३ मध्ये ट्विटरने ते घेतलं आणि पुढे फॅब्रिक या संचात घातलं. २०१७ मध्ये ते गूगलकडे आलं आणि २०२० मध्ये फॅब्रिक बंद झालं. जुन्या लेखांत मॅनिफेस्टमध्ये एपीआय की लिहा, फॅब्रिकचं प्लगइन लावा असं सांगितलेलं आढळेल. त्या सूचना त्या काळी बरोबर होत्या, आज त्यांचा उपयोग नाही. लेखात फॅब्रिकचं नाव दिसलं की तो बाजूला ठेवा.

यानंतर कदाचित ‘पॅकेज नावाशी जुळणारा क्लायंट सापडला नाही’ असा एरर येईल. हा बिल्डच्या वेळीच येतो. गूगल-सर्व्हिसेस नावाच्या जेसन फाइलमधलं पॅकेजचं नाव आणि तुमच्या अ‍ॅपचा अ‍ॅप्लिकेशन आयडी तंतोतंत जुळत नाही, एवढाच त्याचा अर्थ. डीबग बिल्डला नावापुढे ‘.डीबग’ शेपूट जोडलेलं असेल, तर फायरबेसमध्ये त्या नावाचं वेगळं अ‍ॅप नोंदवून फाइल पुन्हा उतरवून घ्या. फाइल हाताने बदलून वेळ मारून नेऊ नका.

आता खरी काळजीची गोष्ट. अ‍ॅप उघडेल, क्रॅशही नोंदले जातील, आणि तरी रिपोर्टमध्ये ‘ए.बी.सी’ असली निरर्थक नावं दिसू शकतात. रिलीज बिल्डमध्ये आर८ हे साधन कोड लहान करताना क्लास आणि मेथडची नावं आखडून टाकतं. मूळ नाव कोणतं आणि नवं कोणतं हे मॅपिंग नावाच्या टेक्स्ट फाइलमध्ये उतरतं, आणि सर्व्हरवर चढणारी यादी हीच. ती वर गेली नाही तर रिपोर्ट असून नसल्यासारखा. बिल्ड लवकर व्हावा म्हणून मॅपिंग अपलोड बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. डीबगसाठी तो ठीक आहे, रिलीजमध्ये चुकूनही नको. ओळींचे क्रमांक हवे असतील तर प्रोगार्डच्या नियमांत सोर्सफाइल आणि लाइननंबरटेबल ही दोन अ‍ॅट्रिब्यूट्स राखायला सांगा. सी++ चा कोड असेल तर त्याची सिम्बॉल्स वेगळी चढवावी लागतात. मॅपिंग फाइल तिथे कामाची नाही.

आयफोनवर हीच जोडी डीसिम फाइल आणि तिच्या यूयूआयडीने लागते. एक्सकोडमध्ये डीबग माहितीचा प्रकार ‘ड्वॉर्फ विथ डीसिम’ ठेवा आणि अपलोडची स्क्रिप्ट बिल्ड फेजेसमध्ये सगळ्यांत शेवटी.

जोडणी झाली की चाचणी रिलीज बिल्डवरच करा, कारण डीबगमध्ये नावं आखडलेलीच नसतात. एका बटणावर मुद्दाम रनटाइम एक्सेप्शन फेका, अ‍ॅप पडू द्या आणि मग ते पुन्हा उघडा. पुन्हा उघडणं विसरू नका: क्रॅशच्या क्षणी रिपोर्ट फोनमध्येच साठतो आणि पुढच्या वेळी अ‍ॅप सुरू झाल्यावर पाठवला जातो. रिपोर्ट येत नाही म्हणून सेटअप उलटसुलट करणाऱ्या कितीतरी जणांनी अ‍ॅप फक्त दुसऱ्यांदा उघडलेलं नसतं. आयफोनवर एक्सकोडचा डीबगर जोडलेला असेल तर क्रॅश तोच पकडतो, तेव्हा तो सोडवून अ‍ॅप फोनवरून सुरू करा. रिपोर्टमध्ये तुमच्या क्लासचं खरं नाव दिसलं की जोडणी पुरी झाली असं समजा.

आणखी एक, तुम्ही विचारलं नसलं तरी. क्रॅशलिटिक्समध्ये वापरकर्त्याची ओळख आणि स्वतःचे लॉग जोडता येतात. तिथे शेतकऱ्याचा मोबाइल नंबर, बँक खातं किंवा आधार क्रमांक कधीही लिहू नका. तो तुमच्या हातून थेट दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर जातो, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अशा माहितीची जबाबदारी अ‍ॅप चालवणाऱ्यावर टाकली आहे. केंद्राच्या खतावणीतला सभासद क्रमांकसुद्धा जसाच्या तसा पाठवू नका. अ‍ॅप बसवताना एक यादृच्छिक आयडी तयार करा आणि तोच पाठवा. बिघाड शोधायला तेवढा पुरतो.