अनेक तारा, एक प्रवाह

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा घरच्या संगणकास तिथवर पोहोचण्याचा मार्ग होता तो दूरध्वनीच्या तारेचा. संगणकाची अंकभाषा या तारेवरून जाऊ शकेल अशा ध्वनीत बदलणारे यंत्र म्हणजे मोडेम. मात्र ही तार मूळची बोलण्यासाठी टाकलेली. तिची वहनक्षमता बेताचीच. १९९८ च्या व्ही.९० मानकानुसार सेकंदाला ५६,००० बिट ही कमाल मर्यादा होती, आणि लांबवर गेलेल्या जुनाट तारेवर तीही गाठली जात नसे. एक मेगाबाइटची फाइल उतरविण्यास त्या कमाल वेगानेही अडीच मिनिटे लागत.

एका पाटाचे पाणी पुरेनासे झाले की शेतकरी दुसरा पाट काढतो. अभियंत्यांनीही तेच केले. परंतु पाण्याला क्रम नसतो, मजकुराला असतो. ही अडचण मल्टिलिंक पीपीपी या पद्धतीने दूर केली. ती १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली व १९९६ मध्ये सुधारली गेली. तीत मजकुराचे तुकडे पाडून प्रत्येकावर अनुक्रमांक घातला जातो, तुकडे निरनिराळ्या तारांनी रवाना होतात आणि पलीकडे अनुक्रमांकानुसार पुन्हा सांधले जातात. एक तार मंद असली तर तिच्यावरील तुकड्यासाठी इतरांना खोळंबावे लागते. म्हणून सारख्या वेगाच्या तारा घेणे इष्ट ठरे. विंडोज ९८ मध्ये ही सोय अंतर्भूत होती.

सोय होती, पण खर्चही होता. दोन तारा, दोन मोडेम व दोन्ही कॉलचे शुल्क. शिवाय सेवा देणाऱ्याची संमती आवश्यक, कारण सांधणी त्याच्या टोकालाही व्हावी लागे. जेथे एका दूरध्वनीसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत राहावे लागे, तेथे दुसरी तार ही चैनच म्हणावयाची! आयएसडीएन जोडणीत ६४,००० बिटांच्या दोन वाहिन्या मिळत व त्या याच रीतीने एकत्र करता येत.

आज वृत्तप्रतिनिधी एकाच पेटीत अनेक कंपन्यांची सिम घालून घटनास्थळाहून चित्रे पाठवितात, त्यामागेही हेच तत्त्व आहे. शाळेने वा ग्रामपंचायतीने दोन जोडण्यांचा राउटर घेताना मात्र एक भेद ध्यानी घ्यावा. बहुतेक राउटर काम केवळ वाटून देतात. त्यामुळे दहा विद्यार्थ्यांची सोय होते, पण एकच मोठी फाइल एकाच मार्गाने येते व तिचा वेग वाढत नाही. तो वाढण्यासाठी पलीकडे तुकडे सांधणारी व्यवस्था हवी. ती मिळणार काय, हे विक्रेत्यास खरेदीपूर्वीच विचारावे.