मॉनिटर बाई नेमतात, मग शाळेत लोकशाही कुठे?

प्रश्न : माझ्या सातवीतल्या मुलाला ‘लोकशाही टिकवण्यात शाळा-महाविद्यालयांचा वाटा’ असा निबंध लिहायला सांगितला आहे. तो मलाच विचारतो, “आई, आम्हाला मत नाही, मॉनिटरसुद्धा बाईच नेमतात, मग आमची शाळा लोकशाही कशी टिकवते?” मला उत्तर सुचलं नाही. शिवाय शहरातले शिकलेले लोकच मतदानाला कमी जातात, असं दर निवडणुकीत वाचते. शिक्षणाचा आणि लोकशाहीचा खरंच काही संबंध आहे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : मुलाची शंका रास्त आहे, आणि ती ऐकून तुम्ही त्याला गप्प बसवलं नाहीत हे फार चांगलं केलंत. तुमच्या पत्रात दोन गुंते आहेत. शिकलेला माणूस आपोआप चांगला नागरिक होतो असं आपण धरून चालतो. मग तो मतदानाच्या दिवशी घरी बसलेला दिसला की शिक्षणावरचाच विश्वास डळमळतो. हा झाला तुमचा गुंता. मुलाचा वेगळा आहे : जिथे आपल्याला काहीच ठरवता येत नाही, तिथे लोकशाही शिकायची कशी? आधी तुमचा सोडवू.

आपल्याकडे मताचा हक्क शिक्षणाशी बांधलेला होता, तो काळ फार जुना नाही. इंग्रजी अमलात कायदेमंडळाच्या निवडणुकीत मत द्यायचं तर शेतसारा, कर, मालमत्ता किंवा शिक्षण अशी कसली तरी अट पुरी करावी लागे. मताधिकार कुणाला असावा हे ठरवणाऱ्या साउथबरो समितीपुढे १९१९ साली डॉ. आंबेडकरांनी साक्ष दिली, तेव्हा या अटींमुळे अस्पृश्य समाज मतदार यादीबाहेर कसा राहतो हा मुद्दा त्यांनी मांडला होता. पुढे राज्यघटनेने या साऱ्या अटी एका फटक्यात काढून टाकल्या आणि २१ वर्षांवरच्या प्रत्येक नागरिकाला मत दिलं. (वयाची अट १९८९ पासून १८ झाली.) १९५१ च्या जनगणनेत देशातली साक्षरता जेमतेम १८ टक्के होती. म्हणून १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवली आणि तिच्यावर त्याचं चिन्ह लावलं. मतदाराने चिन्ह ओळखायचं आणि त्या पेटीत कागद टाकायचा. आपली लोकशाही अशी अक्षरओळख नसलेल्या माणसांच्या मतांवर उभी राहिली. तेव्हा ‘आधी शिक्षण, मग लोकशाही’ हा समज मनातून काढून टाकावा.

आता शिकलेल्यांच्या अनास्थेबद्दल. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत गडचिरोली-चिमूरमध्ये ७० टक्क्यांहून अधिक मतदान झालं, तर दक्षिण मुंबईत ५० टक्क्यांच्या आसपास. ही तफावत खरी आहे, पण तिच्यावरून शिक्षणाचा निकाल लावता येत नाही. मतदानाची टक्केवारी यादीतल्या नावांवरून काढतात. शहरात माणसं घर बदलतात, नाव जुन्या पत्त्यावर राहतं. कुणाचं नाव गावच्या यादीत असतं आणि मुक्काम शहरात. आळस करणारेही आहेतच, त्यांची वकिली मी करणार नाही. पण आकड्यात हे सगळं एकत्र मोजलेलं असतं, हे ध्यानात ठेवायला हवं.

याहून गंभीर गोष्ट वेगळीच आहे. शिक्षण भरपूर असूनही लोकशाही बुडू शकते. १९३३ चा जर्मनी घ्या. साक्षरता जवळजवळ सार्वत्रिक आणि विद्यापीठांचा जगभर दबदबा. हिटलर सत्तेवर आला आणि एप्रिलमध्ये ज्यू आणि विरोधी मताच्या प्राध्यापकांना नोकरीतून काढण्याचा कायदा झाला. १० मे रोजी बर्लिनमध्ये आणि इतर विद्यापीठांच्या गावांत पुस्तकांची होळी झाली, ती विद्यार्थी संघटनेनेच आयोजित केली होती. पदव्यांनी त्या तरुणांना अडवलं नाही. म्हणून शाळा-महाविद्यालयं किती आहेत याला माझ्या लेखी कमी महत्त्व आहे. त्यांत रोज काय घडतं, यावर सगळं अवलंबून आहे.

इथून तुमच्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. शाळेत लोकशाही नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून शिकवली जाते, असा सर्वसाधारण समज आहे. राज्यघटनेची प्रास्ताविका रोज म्हटली जाते, तीही म्हटली जावी. महाराष्ट्रात २०२० च्या प्रजासत्ताक दिनापासून शाळांच्या परिपाठात तिचं वाचन सुरू झालं, याचा मला आनंद आहे. पण मूल पाठ म्हणण्यातून शिकतं त्याहून जास्त ते कुणाच्या शेजारी बसतं यातून शिकतं. घरात आपल्यासारखीच माणसं असतात, वाडीत बहुतेकदा एकाच जातीची. अनोळखी, वेगळ्या घरची मुलं पहिल्यांदा समोर येतात ती वर्गात. त्यांच्याशी भांडायचं, डबा वाटून खायचा, एकाच नियमाखाली वागायचं, ही सवय लागली तर पुढे त्या माणसाचं मत आपल्या मताइतकंच मोलाचं आहे हे पटतं. नाही लागली, तर मताची समानता कायद्याच्या पुस्तकात राहते.

महाराष्ट्रातल्या समाजसुधारकांना हे फार लवकर कळलं होतं. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. तेवढ्यावर न थांबता १९१९ मध्ये अस्पृश्यांसाठीच्या वेगळ्या शाळा बंद केल्या आणि त्या मुलांना इतरांच्याच शाळेत बसवण्याचा हुकूम काढला. त्याच वर्षी कर्मवीर भाऊराव पाटलांनी कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली. १९२४ साली त्यांनी साताऱ्यात वसतिगृह काढलं, तिथे सर्व जातींची मुलं एकत्र राहत, कामं वाटून घेत आणि एका पंगतीत जेवत. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते या वसतिगृहाला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. भारताला घटना मिळायला तेव्हा २३ वर्षं बाकी होती. लहान गावांतून पुढे जे कार्यकर्ते, शिक्षक, सरपंच निघाले, त्यांची तयारी अशा पंगतींत झाली असं मी मानतो.

आज उलटा प्रवास होतो आहे याची मला काळजी वाटते. फी जेवढी, तशी शाळा, आणि शाळा जशी, तसे सोबती. शिक्षण हक्क कायद्याने (२००९) खासगी विनाअनुदानित शाळांत २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवल्या. त्याकडे लोक गरिबांना दिलेली सवलत म्हणून बघतात. माझ्या मते त्याचा निम्मा फायदा सधन घरच्या मुलांना आहे, कारण एरवी त्यांना शेजारच्या वस्तीतला मित्र मिळणारच नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सूट, असा नियम आणला होता. मुंबई उच्च न्यायालयाने जुलैमध्ये तो रद्द केला, हे बरं झालं.

आता मॉनिटर. अनेक शाळांत मंत्रिमंडळ असतं : मुख्यमंत्री, स्वच्छतामंत्री, सहलमंत्री. काही ठिकाणी मोबाइलवर मतदान यंत्रासारखं बटण दाबून मतदानही होतं. मुलांना त्याची गंमत वाटते आणि ती वाटावीच. पण बहुतेक शाळांत खेळ तिथेच संपतो. निवडून आलेल्याला काही ठरवता येत नाही, आणि हरलेला मुलगा निकालाच्या दिवशीच विस्मरणात जातो. विरोधी पक्षनेता नसतोच. लोकशाहीतला सर्वांत अवघड धडा हरणाऱ्याचा आहे : निकाल मान्य करायचा, जिंकणाऱ्याला शत्रू मानायचं नाही, आणि तरीही पुढचं वर्षभर त्याला प्रश्न विचारत राहायचं. हा धडा बाराव्या वर्षी, सहल कुठे न्यायची यावर शिकला तर स्वस्तात पडतो. बाबासाहेबांच्या पुढाकाराने १९४६ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या सिद्धार्थ महाविद्यालयात विद्यार्थ्यांचं पार्लमेंट भरत असे. हिंदू कोड बिलाचा वाद देशभर पेटलेला असताना, जानेवारी १९५० मध्ये, कायदामंत्री असलेले बाबासाहेब त्याच विद्यार्थ्यांपुढे त्या बिलावर बोलले. देशाचा ताजा, कटू वाद विद्यार्थ्यांपासून लपवायचा नसतो, अशी त्यामागची धारणा दिसते.

महाविद्यालयांच्या बाबतीत आपण मात्र उलट केलं. निवडणुकांत मारामाऱ्या झाल्या म्हणून १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने थेट मतदानाऐवजी गुणवत्तेनुसार प्रतिनिधी नेमायची पद्धत आणली. २०१६ च्या कायद्यात खुल्या निवडणुका परत आल्या, पण प्रत्यक्ष मतदान वारंवार पुढे ढकललं गेलं. पालकांची भीती मला समजते. हिंसा कुठल्याच शैक्षणिक आवारात नको. तरीही ज्याला आमदार निवडता येतो, त्याला वर्गप्रतिनिधी निवडता येऊ नये, हे मला कधीच पटलं नाही. गुंडगिरीवर उपाय नियमांचा आहे. २००६ च्या लिंगडोह समितीने खर्चावर, छापील पोस्टरांवर आणि बाहेरच्या पक्षांच्या हस्तक्षेपावर मर्यादा सुचवल्या आहेत. त्या पाळल्या तर मतदान बंद ठेवायला कारण उरत नाही.

शेवटी तुमच्या हातात काय आहे, ते सांगतो. मुलाची शाळा सरकारी किंवा अनुदानित असेल तर कायद्याने तिथे शाळा व्यवस्थापन समिती असायलाच हवी. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्या लागतात. सरकारी शाळेत कामकाजावर आणि अनुदानाच्या वापरावर देखरेख ठेवणं, शाळा विकास आराखडा सुचवणं हे तिचं काम; अनुदानित शाळेत तिची भूमिका फक्त सल्ल्याची असते. विनाअनुदानित शाळेत पालक-शिक्षक संघाकडे जावं लागेल. पुढच्या सभेत दोन गोष्टी मागा : मॉनिटर दर सत्राला मुलांनी निवडावा, आणि एखादा लहानसा खर्च, समजा वर्गाच्या वाचनपेटीचा, मुलांनी चर्चा करून ठरवावा. दुसऱ्या क्रमांकाची मतं मिळवणाऱ्या मुलाला त्या खर्चाचा हिशेब वर्गापुढे तपासायचं काम द्यावं, असंही सुचवा. आणि निबंधात मुलाने आपला प्रश्न जसा तुम्हाला विचारला तसाच लिहावा. बाईंना तो आवडला नाही, तर का आवडला नाही हेही त्याने त्यांना विचारावं.