पंचाचा निर्णय आणि प्रेक्षकांचा राग



गेल्या हिवाळ्यातील क्रीडासप्ताहाची एक सायंकाळ आपल्यापैकी पुष्कळांच्या स्मरणात असेल. कबड्डीचा अंतिम सामना होता. दोन्ही संघांचे गुण समान होते आणि शेवटची चढाई चालू होती. पंचाची शिट्टी माझ्या गळ्यात होती. चढाई करणारा मुलगा दोघांच्या पकडीत सापडला; तरीही त्याने सर्व बळ एकवटून मध्यरेषेकडे झेप घेतली. नेमक्या त्याच क्षणी त्याचा हात आणि माझी दृष्टी यांच्यामध्ये एका खेळाडूची पाठ आली. मी शिट्टी वाजविली आणि त्यास बाद ठरविले.

मैदानाच्या एका बाजूने जो कल्लोळ उठला तो चंदन नदीच्या पलीकडेही ऐकू गेला असावा. 'पक्षपात, पक्षपात!' अशा आरोळ्या झाल्या. एक चप्पल माझ्या पायांजवळ येऊन पडली. तो मुलगा मात्र उठून माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "सर, माझा हात लागला होता." मी म्हटले, "मला दिसला नाही." यावर तो काही बोलला नाही. आपल्या वर्गाकडे वळून त्याने हात वर केला आणि 'खाली बसा रे' एवढेच तो म्हणाला. त्याच्या बोटांना रेषेची फक्की लागली होती.

मैदान रिकामे झाल्यावर मी मध्यरेषेपाशी गेलो. पांढऱ्या रेषेवर व तिच्या पलीकडे चार बोटांचे स्पष्ट ओरखडे होते. माझा निर्णय चुकला होता.

त्या रात्री मला जो प्रश्न पडला तोच या लेखाचा विषय आहे. पंचाचा निर्णय चुकीचा आहे असे वाटले, किंबहुना तो खरोखरच चुकीचा असला, तर पाहणाऱ्यांनी काय करावे?

प्रथम हे मान्य करू या की, असा राग येणे स्वाभाविक आहे. ज्यास राग येत नाही त्याचे खेळावर प्रेमच नाही, असे म्हणावे लागेल. आपल्या भागातील शंकरपटात बैलजोडीची वेळ क्षणाच्या एखाद्या अंशाने अधिक भरली, तरी दाणीच्या दोन्ही बाजूंना कुजबुज सुरू होते. माझे बालपण कोंकणी मुलखात गेले. तेथे भातकापणी झाली की मोकळ्या शेतांत फुटबॉलचे सामने रंगत. रेफरीला द्यावयाचे सर्व अपशब्द मी माझ्या मायबोलीत तेथेच शिकलो आणि ते मोकळेपणाने वापरलेही. तेव्हा मी उपदेशकाच्या उच्चासनावरून बोलत नाही, हे लक्षात घ्यावे.

परंतु राग येणे वेगळे आणि रागाच्या हाती सूत्रे देणे वेगळे. याचे एक मोठे उदाहरण मुंबईत घडले. नोव्हेंबर १९६९ मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियमवर भारत आणि ऑस्ट्रेलिया यांचा कसोटी सामना चालू होता. दुसऱ्या डावात भारताची फळी कोसळत होती. अजित वाडेकर एक बाजू धरून उभे होते आणि दुसऱ्या बाजूस वेंकटराघवन त्यांना साथ देत होते. इतक्यात कॉनोलीच्या चेंडूवर यष्टिरक्षक टेबरने झेल घेतल्याचे अपील झाले आणि पंचांनी वेंकटराघवनला बाद दिले. भारताचे आठ गडी ११४ धावांत बाद झाले होते. त्या काळी प्रेक्षक ट्रान्झिस्टर कानाला लावून सामना पाहात. चेंडू बॅटला लागलाच नव्हता, निर्णय चुकला, असे मत समालोचनातून प्रकट झाले आणि ते गवताला ठिणगी लागावी तसे सज्जांतून पसरले.

पुढे बाटल्यांचा वर्षाव झाला, खुर्च्या मोडल्या आणि त्यांना आगी लावण्यात आल्या. धुराचे लोट मैदानावर आले. ऑस्ट्रेलियाचा कर्णधार बिल लॉरी मैदान सोडावयास तयार होईना; त्या धुरातच खेळ चालू राहिला. ग्लीसन या खेळाडूस बाटली लागली. दिवस संपल्यावर पाहुण्यांना पोलिसांच्या बंदोबस्तात बाहेर न्यावे लागले. एवढे सर्व होऊन निष्पन्न काय झाले? वेंकटराघवन परत खेळावयास आले नाहीत. भारताचा डाव १३७ धावांत आटोपला आणि ऑस्ट्रेलियाने तो सामना आठ गडी राखून जिंकला. जळालेल्या खुर्च्यांनी एकही धाव मिळवून दिली नाही. खरे उत्तर त्याच मालिकेत पुढे दिल्लीला मिळाले. तेथे बेदी आणि प्रसन्ना यांनी दुसऱ्या डावात प्रत्येकी पाच गडी बाद करून ऑस्ट्रेलियाला १०७ धावांत गुंडाळले आणि भारताने सात गडी राखून विजय मिळविला.

ही जुनी गोष्ट झाली, असे कोणी म्हणेल. परंतु २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगर येथे महाराष्ट्र केसरी स्पर्धेत काय झाले? गादी विभागाच्या निर्णायक कुस्तीत पृथ्वीराज मोहोळ याने शिवराज राक्षे याला चीतपट केल्याचा निर्णय पंचांनी दिला. आपले दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, असे राक्षे याचे म्हणणे होते. वाद वाढला आणि रागाच्या भरात त्या मल्लाने पंचांना लाथ मारली. ज्या क्षणी लाथ बसली त्या क्षणी खांदे टेकले होते की नाही हा प्रश्नच लोकांच्या मनातून मागे पडला. त्याच दिवशी अंतिम कुस्तीतही पंचांशी वाद होऊन महेंद्र गायकवाड आखाडा सोडून गेला आणि मोहोळ विजयी ठरला. राक्षे व गायकवाड या दोघांवर तीन वर्षांची बंदी घालण्यात आली. ज्याची बाजू कदाचित बळकट होती त्याने ती आपल्या पायाने दुबळी केली, असेच म्हणावे लागेल.

आता जरा दूर, मोटारींच्या शर्यतीकडे वळू. कारण दंड, त्याविरुद्धची तक्रार आणि लोकांचा क्षोभ या तिन्ही गोष्टी तेथे जितक्या उघडपणे दिसतात तितक्या अन्यत्र क्वचितच दिसतात. फॉर्म्युला वन ही त्यांतील सर्वांत मोठी स्पर्धा. आपल्या देशातही २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे ग्रेटर नोएडा येथील बुद्ध सर्किटवर ती झाली. तेथे तीन-चार जाणकारांचे एक पंचमंडळ असते. त्यांस स्टुअर्ड म्हणतात. एखाद्या चालकाने दुसऱ्यास नियमबाह्य रीतीने अडविले तर ते त्याच्या वेळेत पाच किंवा दहा सेकंदांची भर घालतात, अथवा त्याहून कडक शासन करतात. कोणता नियम मोडला आणि दंड का केला, हे त्यांना लेखी जाहीर करावे लागते. आणि निर्णयानंतर नवा व महत्त्वाचा पुरावा हाती आला तर फेरविचाराची मागणी करता येते. म्हणजे रागाला तेथे एक दार ठेवलेले आहे.

९ जून २०१९ रोजी कॅनडात माँट्रिअल येथे सेबास्टियन व्हेटेल आघाडीवर होता. त्याची गाडी क्षणभर गवतावर घसरली आणि परत मार्गावर येताना मागून येणाऱ्या लुईस हॅमिल्टनला भिंतीलगत गाडी आवरावी लागली. पंचांनी व्हेटेलला पाच सेकंदांचा दंड केला. त्यामुळे अंतिम रेषा प्रथम ओलांडूनही तो दुसरा ठरला. व्हेटेल इतका संतापला की, गाड्यांपुढे ठेवलेल्या पहिल्या व दुसऱ्या क्रमांकाच्या पाट्या त्याने आपल्या हाताने उलटसुलट केल्या. जमलेल्या लोकांनी हॅमिल्टनची हुर्यो उडविली. वास्तविक हॅमिल्टनने काय अपराध केला होता? तेव्हा त्याच संतापलेल्या व्हेटेलने लोकांना सांगितले की, हॅमिल्टनला हिणवू नका. नाराजी दाखवायचीच असेल तर ती निर्णयावर दाखवा. हॅमिल्टननेही त्याला हात धरून विजेत्याच्या पायरीवर आपल्या शेजारी घेतले. व्हेटेलच्या फेरारी संघाने पुढे रीतसर फेरविचार मागितला. पुरेसा नवा पुरावा नसल्याने तो नाकारण्यात आला. निकाल तोच राहिला.

याउलट १२ डिसेंबर २०२१ चा अबू धाबीचा प्रसंग पाहा. जगज्जेतेपदासाठी हॅमिल्टन आणि मॅक्स व्हर्स्टापेन यांचे गुण अगदी समान होते. शर्यत संपत आली असता निकोलस लतीफी या चालकाची गाडी भिंतीवर आदळली आणि सर्वांची गती रोखण्यासाठी सुरक्षागाडी मार्गावर आणण्यात आली. पुढे शर्यत-संचालकाने त्या दोघांच्या मधल्या पाचच गाड्यांना पुढे जाऊ दिले, इतरांना नाही, आणि केवळ एक फेरी उरली असता शर्यत परत मोकळी केली. व्हर्स्टापेनच्या गाडीस नवे टायर होते. तो पुढे गेला आणि जगज्जेता ठरला. हॅमिल्टनच्या संघाच्या दोन्ही तक्रारी त्याच रात्री फेटाळण्यात आल्या.

जगभर वादळ उठले. त्या वादळाचा एक फटकारा कोणाला बसला? लतीफीला! ज्याची गाडी केवळ अपघाताने भिंतीवर गेली, त्या तरुणाला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. राग आंधळा झाला की तो कोणाच्या दारी जाईल याचा नेम नाही, हे यावरून ध्यानात येईल. परंतु याच प्रकरणात एक चांगली गोष्टही झाली. नियामक संस्थेने रीतसर चौकशी केली. मार्च २०२२ मधील अहवालात मानवी चूक झाल्याचे, पण ती सद्हेतूने झाल्याचे नमूद करण्यात आले. शर्यत-संचालक त्यापूर्वीच बदलण्यात आला होता; निकाल मात्र कायम ठेवण्यात आला. चूक कबूल झाली आणि शर्यतीचा शेवटही शाबूत राहिला.

येथे कोणी विद्यार्थी विचारील, "सर, चूक कबूल केली तर निकाल का बदलू नये?" प्रश्न योग्य आहे. जेथे नियमानेच निकाल बदलण्याची सोय आहे तेथे तो अवश्य बदलावा. पण ज्या खेळाचा निकाल ओरड्याच्या बळावर केव्हाही बदलू शकतो, तो खेळ उरत नाही. मग ज्याच्या बाजूस गळे अधिक तोच विजयी. लहान गावाच्या संघाने, परक्या मैदानावर खेळणाऱ्या संघाने, मग कोणाच्या भरवशावर उतरावे? पंचाचा शब्द हा दुबळ्या संघाचा आधार असतो. आज आपण तो मोडला तर उद्या आपणच परमुलखात निराधार होऊ.

याचा अर्थ मुकाट्याने सर्व सोसावे असा नव्हे. शांतपणे केलेल्या तक्रारींनी खेळ सुधारतात. पंचाच्या डोळ्यास मर्यादा आहेत, हे क्रिकेटने हळूहळू मान्य केले. नोव्हेंबर १९९२ मध्ये डर्बन येथे कसोटी सामन्यात प्रथमच दूरदर्शनची चित्रे पाहून तिसऱ्या पंचाने धावबादचा निर्णय दिला. त्या निर्णयाने बाद झालेला पहिला फलंदाज आपला सचिन तेंडुलकर होता. २००८ मध्ये खेळाडूंनाच निर्णयाचे पुनर्विलोकन मागण्याचा हक्क प्रथम प्रयोगादाखल देण्यात आला. आज एखादा कर्णधार दोन्ही हातांनी 'टी' अक्षराची खूण करतो, तेव्हा तो पंचाचा अपमान करीत नसतो. नियमाने उघडलेल्या दारातून तो आत जात असतो. ब्रेबॉर्नच्या आगीने जे साधले नाही ते या लहानशा खुणेने साधते.

तेव्हा माझ्या मते प्रेक्षकाने तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. पहिली, आपण जेथे बसलो आहोत तेथून आपणांस खरोखर काय दिसले आणि आपल्या मनाने काय पाहिले, हे निराळे करावे. दुसरी, राग निर्णयावर असावा, माणसावर नसावा. प्रतिस्पर्ध्यावर तर मुळीच नसावा. तिसरी, तक्रार त्याच्याकडेच न्यावी ज्याला ती ऐकण्याचा अधिकार आहे आणि ती नियमाच्या भाषेत मांडावी. पंचाचीही दोन कर्तव्ये आहेत. त्याने निर्णयाचे कारण सांगावे. आणि चूक समजली तर ती लपवू नये.

हे दुसरे कर्तव्य लिहिण्यास सोपे, करण्यास कठीण. क्रीडासप्ताहानंतरच्या सोमवारी प्रार्थनेच्या वेळी मी सर्वांसमोर उभा राहिलो आणि सांगितले की, त्या चढाईत हात रेषेपलीकडे टेकला होता, निर्णय देण्यास मी योग्य जागी उभा नव्हतो, चूक माझी होती. ढाल मात्र विजयी वर्गाकडेच राहील, कारण सामना संपला आहे. क्षणभर सर्वत्र शांतता होती. मला भीती वाटत होती की, यापुढे माझ्या शिट्टीस कोणी मान देणार नाही.

दुसऱ्या दिवशी तोच मुलगा शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभा राहिला. मला वाटले, ढालीविषयी बोलेल. तो म्हणाला, "सर, पुढच्या वर्षी मध्यरेषेच्या दोन्ही टोकांना एकेक पंच उभा करू या. एक मी मुले जमवून तयार करतो."

यंदाच्या क्रीडासप्ताहात मध्यरेषेच्या दोन्ही टोकांस पंच उभे राहतील. आपण सर्वांनी पाहावयास यावे, आरडाओरडही मनसोक्त करावी. चपला मात्र पायांतच राहू द्याव्यात.