अँकरेजला निघालेल्या भाच्यास

पुणे, २ ऑगस्ट

चि. निखिल यास,


अँकरेजची नोकरी पक्की झाल्याचं ताईने कळवलं. तिला आनंद झालाच आहे, पण थंडीची धास्ती त्याहून मोठी. तू विचारलंस की सिॲटलहून गाडीने जावं, विमानाने की फेरीने. तिकडे बरीच वर्षं संसार केला, त्या हक्काने सांगते. माणसं, गाडी आणि सामान या तिघांनी एकाच वाटेने गेलं पाहिजे असं कुणी सांगितलंय? तिघांचा हिशेब वेगवेगळा मांड, म्हणजे गुंता निम्मा सुटेल.

आधी रस्ता. सिॲटल ते अँकरेज साधारण ३,६०० किलोमीटर. त्यातला मोठा टप्पा अलास्का हायवेचा. तिकडे त्याला ‘ऑलकॅन’ म्हणतात. कॅनडातल्या डॉसन क्रीकला तो सुरू होतो आणि अलास्कातल्या डेल्टा जंक्शनला संपतो. १९४२ मध्ये, जपानी हल्ल्याच्या भीतीपोटी, अमेरिकी लष्कराने तो काही महिन्यांत खोदून काढला. आता डांबरी आहे, पण क्लुआनी तलावाच्या पुढे सीमेपर्यंत रस्त्याखालची जमीन कायमची गोठलेली. तिचा वरचा थर वितळला की खचतो आणि डांबराला लाटा येतात. भरलेला ट्रेलर मागे लावून तिथे वेगाने जाणारा हमखास पस्तावतो. जूनमध्ये हाच प्रवास अपूर्व असतो. रात्री उशिरापर्यंत उजेड, लिअर्डचे गरम पाण्याचे झरे, वॉटसन लेकला जगभरच्या गावांच्या पाट्यांचं जंगल. पण तू ऑक्टोबरअखेर रुजू होणार. तेव्हा घाटात बर्फ, उन्हाळ्यापुरते चालणारे पेट्रोलपंप आणि ढाबे बंद, मोबाइलला तासन् तास रेंज नाही आणि अंधार लवकर. एकट्याने रेटलंस तर पाच-सहा दिवस. चार वर्षांची लेक सई बरोबर असली की आठवडा धर.

त्याहून मोठी अडचण कागदांची. तुम्ही एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहात, ग्रीनकार्डवर नाही. भारतीय पासपोर्टवर कॅनडातून नुसतं ओलांडून जायलाही तिघांना कॅनडाचा व्हिसा लागेल, आणि तो कधी हाती येईल याचा नेम नाही. सामान घेऊन जाणार असाल, तर कॅनडाच्या कस्टमला दाखवायला वस्तूंची किमतीसह यादी हवी. शिवाय नोकरीचं गाव बदलतंय, तेव्हा कंपनीने एच-वन-बीचा सुधारित अर्ज आधी दाखल केलाय ना, ते वकिलाकडून लेखी घे. घर सोडायची नोटीस त्यानंतर.

फेरी घेतली की कॅनडा टळला, असं तुझी केतकी म्हणते. ते अर्धंच खरं. अलास्का राज्याची फेरी सिॲटलच्या उत्तरेला बेलिंगहॅमहून सुटते, कॅनडाच्या बंदरात न थांबता केचिकनला जाते आणि एकूण तीन-चार दिवसांनी हेन्सला लागते. पण हेन्स म्हणजे अँकरेज नव्हे. तिथून साधारण १,२०० किलोमीटरचा रस्ता उरतो, आणि तो पुन्हा कॅनडातूनच जातो. अलास्काचं आखात ओलांडून थेट अँकरेजजवळच्या व्हिटियरला जाणाऱ्या फेऱ्या मोजक्या. काही हंगामांत नसतातच. भाडंही सुटंसुटं: माणशी वेगळं, गाडीचं तिच्या लांबीप्रमाणे, खोलीचं आणखी निराळं. पैसे वाचवायला लोक उघड्या डेकवर तंबू ठोकतात. तुझ्या लग्नाआधी विचारलं असतंस, तर तेही कर म्हटलं असतं. गाड्यांच्या मजल्यावर ठरावीक वेळीच जाऊ देतात, म्हणून औषधं आणि लेकराचे कपडे गाडीत राहिले की राहिलेच. ज्याला गाडी न्यायची आहे, घाई नाही आणि कॅनडाचा व्हिसा हातात आहे, त्याला फेरी उत्तम. तुझ्याकडे यातलं एकच आहे.

राहिलं विमान. सिॲटलहून साडेतीन तासांत अँकरेज, आणि कॅनडाच्या हद्दीत उतरणं नाही. ‘मग गाडीचं काय?’ असं तू विचारशील. सिॲटलजवळच्या टॅकोमाहून अँकरेजला नियमित मालवाहू जहाजं जातात. तिथल्या दुकानांतलं बरंचसं सामान त्याच वाटेने येतं. गाडी तशीच धाड. गाडीत घरचं सामान भरू देतात का, ते आधी विचार, बहुतेकदा नाहीच देत. जड सामानाचं मात्र वजन आणि किंमत दोन्ही बघ. जुना सोफा न्यायला जे लागतं, त्यात तिथे बरा सोफा मिळतो. पुस्तकं टपालाने स्वस्तात जातात. पुरणयंत्र, मिक्सर आणि ताईने दिलेली पातेली मात्र न्यायची, त्यावर चर्चा नको.

खर्चाची तुलना करताना विमानाचं तिकीट आणि पेट्रोलचा आकडा शेजारी ठेवू नकोस. रस्त्याच्या बाजूला हॉटेलच्या रात्री, बर्फाचे टायर आणि बुडालेले पगाराचे दिवस लिही. विमानाच्या बाजूला गाडीचं जहाजभाडं आणि ती येईतो भाड्याची गाडी. मग बेरीज कर. फरक तुला वाटतोय तेवढा राहणार नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. तिघं विमानाने जा, गाडी टॅकोमाहून जहाजाने पाठव, सामान निम्मं विकून टाक. गाडी पोचली की इंजिन गरम ठेवणारा ब्लॉक हीटर बसवून घे आणि खिळ्यांचे टायर चढव. अँकरेजला ते सप्टेंबरच्या मध्यापासून एप्रिलअखेर चालतात. ऑलकॅन पुढच्या जूनसाठी राखून ठेव. तोवर व्हिसाही होईल, आणि तेव्हा तुम्ही सुट्टीवर असाल, बिऱ्हाड पाठीवर नसेल. या आठवड्यात दोनच कामं कर: वकिलाला पत्र आणि जहाजकंपनीकडून लेखी दर. दोन्ही उत्तरं आली की मला कळव, मग तिकिटं काढ.

केतकीला आशीर्वाद, सईला गोड पापा.

तुझी,
सुमनमावशी